बालपणीच्या छळाबद्दल मोठ्यांना विचारताना आजच्या मूडचा हिशोब कसा ठेवावा

इंदूरमध्ये समुपदेशन करताना आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना मला दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली विद्यार्थ्यांची. ते प्रश्नावली भरून घेतात, बेरीज करतात, नैराश्याच्या गुणांशी सहसंबंध काढतात आणि निष्कर्ष लिहून मोकळे होतात. उत्तर देणारी बाई त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत होती, याची एक ओळही फाइलमध्ये नसते. एका फाइलमधल्या काकूंनी वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी उत्तरं दिली होती. विद्यार्थिनी शेजारीच राहत असल्यामुळे तिला ते माहीत होतं, पण कुठे लिहायचं हेच तिला कळलं नव्हतं.

दुसरी चूक जास्त जड आहे. ‘सध्या तिचं मन ठिकाणावर नाही, म्हणून तिला सगळं वाईटच आठवतंय’ असं म्हणून बाईचं सगळं सांगणंच बाजूला सारलं जातं. हे नातेवाईक म्हणतात आणि कधीकधी समुपदेशकही म्हणतात.

मूडचा परिणाम होतो, म्हणून तो मोजायचा. किती होतो, हे मोजल्याशिवाय कुणाचंही म्हणणं कापायचं नाही. पुढचे सगळे टप्पे या दोन वाक्यांवर उभे आहेत. हा लेख मानसशास्त्राचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी, समुपदेशक आणि संस्थांत सर्वेक्षण करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

आधी एवढं समजून घ्या: मूड नेमका कुठे हात घालतो

तीन ठिकाणी, आणि तिन्ही वेगळी आहेत.

पहिलं ठिकाण आठवणीचं. मन उदास असताना उदास आठवणी लवकर वर येतात. गॉर्डन बॉवर यांनी १९८१ मध्ये हे सविस्तर मांडलं. आठवण खोटी नसते, फक्त इतर आठवणींच्या आधी हाताला लागते.

दुसरं ठिकाण निवाड्याचं. ‘बाबांनी पट्ट्याने मारलं’ ही घटना, तर ‘माझा छळ झाला’ हा त्या घटनेवरचा निवाडा. मूडला घटनेपेक्षा निवाडा हलवणं सोपं जातं.

तिसरं सांगण्याचं. खचलेल्या माणसाला बोलायचीच ताकद नसते, तर खुशीत असलेल्याला जुनं उकरून काढावंसं वाटत नाही. म्हणजे चांगला मूडही उत्तर बदलतो. त्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही, कारण ‘सगळं छान होतं’ हे उत्तर आपल्याला ऐकायला बरं वाटतं.

पुरावा काय सांगतो? ब्रुइन, अँड्रयूज आणि गॉटलिब यांनी १९९३ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. नैराश्यामुळे बालपणाच्या आठवणी भरवशाच्या राहत नाहीत, हा दावा वाजवीपेक्षा जास्त ताणला गेला आहे, असं त्यांना आढळलं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या अभ्यासात (फर्ग्युसन आणि सहकारी, २०००) त्याच तरुणांना १८ व्या आणि २१ व्या वर्षी विचारलं गेलं. उत्तरं बरीच बदलली, पण त्या बदलाचा त्या वेळच्या मानसिक अवस्थेशी संबंध लागला नाही. छळ झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांनी एखाद्या वेळी ‘नाही’ म्हटलं होतं. लिंडा विल्यम्स यांनी १९९४ मध्ये, लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याची नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना सुमारे १७ वर्षांनी विचारलं, तर ३८ टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेखच केला नाही.

म्हणजे मोठी चूक न सांगण्याकडे झुकते. नसलेलं सांगितलं जाण्यापेक्षा असलेलं राहून जाणं जास्त घडतं. हार्ट आणि रटर यांनीही २००४ च्या आढाव्यात हेच म्हटलं. तयारी करताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर तुमची सगळी काळजी चुकीच्या बाजूला खर्च होईल.

टप्पा १: तुम्हाला नक्की काय हवं आहे ते एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा: ‘त्या वेळी काय घडलं’ हे मला शोधायचं आहे, की ‘ती व्यक्ती आज आपल्या बालपणाकडे कशी पाहते’ हे?

दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १६ अभ्यास एकत्र केले. लहानपणीच झालेली नोंद आणि मोठेपणी दिलेलं उत्तर यांचा मेळ फारच कमी होता. कॅपा हे जुळणीचं माप (० म्हणजे निव्वळ योगायोगाइतकी जुळणी, १ म्हणजे पूर्ण) केवळ ०.१९ आलं. नोंद असलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी मोठेपणी तसं सांगितलं नाही. मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांची जुनी नोंद नव्हती. याचा अर्थ ते ५६ टक्के खोटं बोलतात असा मुळीच होत नाही. चार भिंतींत घडलेल्या गोष्टीची नोंद करणार कोण? पुढे २०२० मध्ये डॅनीस आणि विडम यांनी दाखवलं की मोठेपणच्या मानसिक त्रासाशी व्यक्तीच्या स्वतःच्या सांगण्याचा संबंध सरकारी नोंदीपेक्षा जास्त घट्ट आहे.

समुपदेशन करत असाल तर बहुतेक वेळा दुसरा प्रश्न तुमचा असतो. तिथे आजचा मूड हा कचरा नसतो, तो माहितीचाच भाग असतो. संशोधनात पहिला प्रश्न असेल तर पुढचे सगळे टप्पे पाळावेच लागतील.

तपासा: प्रबंधाच्या शीर्षकात ‘अनुभव’ लिहिलंय की ‘अनुभवांचं कथन’? पद्धत दुसऱ्याची आणि निष्कर्ष पहिल्याचा, असं होत असेल तर इथेच थांबून दुरुस्त करा.

टप्पा २: प्रश्नावली आणि तिची मराठी

संशोधनात सगळ्यात जास्त वापरलं जातं ते बालपणीच्या आघाताच्या प्रश्नावलीचं छोटं रूप, म्हणजे सीटीक्यू. त्यात २८ विधानं असतात. २५ विधानं पाच विभागांत प्रत्येकी ५ अशी वाटलेली आहेत: भावनिक छळ, शारीरिक छळ, लैंगिक अत्याचार, भावनिक आबाळ आणि शारीरिक आबाळ. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणून एका विभागाची बेरीज ५ ते २५ मध्ये येते. उरलेली ३ विधानं ‘माझं बालपण अगदी आदर्श होतं’ अशा थाटात सगळं झाकणाऱ्यांना ओळखण्यासाठी आहेत. बहुतेक विद्यार्थी ही ३ गाळतात. गाळू नका. न सांगण्याकडे झुकणारी चूक पकडायला तुमच्याकडे एवढंच साधन आहे. ही प्रश्नावली प्रकाशकाच्या हक्काची आहे, तेव्हा रीतसर परवानगी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची प्रश्नावली हा दुसरा पर्याय आहे.

सावधान: भावनिक आबाळीची पाचही विधानं सकारात्मक आहेत, ‘घरात मला कुणी जपणारं होतं’ या धर्तीची. त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. शारीरिक आबाळीची दोन विधानंही उलटी आहेत. म्हणजे एकूण सात. ती उलटवायला विसरलात तर ज्याला सर्वांत जास्त माया मिळाली तोच सर्वांत उपेक्षित ठरतो. मी हे दोन प्रबंधांत पाहिलं आहे, आणि दोन्हीकडे अनपेक्षित निष्कर्षाची स्पष्टीकरणं पानंच्या पानं लिहिलेली होती.

आता विधानं वाचा आणि पेन्सिलने प्रत्येकापुढे ‘घ’ किंवा ‘नि’ लिहा. ‘घ’ म्हणजे घटना: वळ उठेपर्यंत मारलं, जेवण मिळालं नाही. ‘नि’ म्हणजे निवाडा: माझा छळ झाला असं मला वाटतं. पुढे मूडचा परिणाम शोधताना या दोन गटांच्या बेरजा वेगळ्या काढायच्या आहेत. अधिकृत गुणांकनात हे नाही, ही तुमची स्वतःची जादा नोंद आहे. तरी तिच्यातून खूप दिसतं.

आता मराठी. इथे थोडा वेळ थांबते, कारण इंदूरच्या मराठी घरांत काम सगळ्यात जास्त इथेच फसतं.

‘छळ’ म्हटलं की आपल्याकडच्या बायकांना सासर आठवतं. ‘लहानपणी तुमचा छळ झाला का?’ असं विचारलं की काकू म्हणतात, ‘छे, माहेरी कसला छळ!’ आणि पाच मिनिटांनी सांगतात की दोन दिवस माळ्यावर कोंडून ठेवलं होतं. ‘दुर्लक्ष’ फार हलकं पडतं, ‘आबाळ’ बरोबर पोचतं. ‘शिक्षा’ या शब्दाला शाळेचा वास आहे. घरातल्या मारासाठी लोक ‘चोप’, ‘फटके’, ‘धोपटलं’ म्हणतात, आणि इंदूरमध्ये तेच वाक्य ‘खूब पिटाई होत असे’ असंही येतं. घालून पाडून बोलणं, टोमणे, अंगठे धरून उभं करणं, उपाशी झोपवणं, चटका देणं: विधानांत असे शब्द असू द्या. पुण्याच्या पुस्तकी मराठीत केलेलं भाषांतर इंदूरच्या रामबागेतल्या आजोबांना वाचून दाखवा आणि प्रत्येक विधानानंतर ‘याचा अर्थ तुम्हाला काय लागला?’ असं विचारा. आठ-दहा जणांबरोबर हे केलं की अर्ध्या अडचणी कळतात. मग दुसऱ्या कुणाकडून ते मूळ भाषेत उलटं भाषांतरित करून घ्या.

आणखी एक बाब. मारियन आणि नायसर यांनी २००० मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषिकांवर दाखवलं की ज्या भाषेत प्रसंग घडला त्याच भाषेत विचारलं, तर त्या काळच्या आठवणी जास्त येतात. आपल्याकडे घर मराठी आणि शाळा हिंदी. मास्तरांची छडी हिंदीत आठवते, आत्याचे टोमणे मराठीत. म्हणून प्रश्नावली दोन्ही भाषांत तयार ठेवा, उत्तर देणाऱ्याला निवडू द्या आणि कोणती निवडली ते लिहा. दुसऱ्या फेरीत हीच भाषा ठेवायची आहे. नाहीतर भाषेमुळे झालेला बदल मूडच्या खात्यावर जमा होईल.

टप्पा ३: दिवस, वेळ, जागा

हे दिवस टाळा: घरात सुतक किंवा तेरावा, लग्नाच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा, मुलांच्या निकालाचा दिवस, पितृपक्षातला घरच्या श्राद्धाचा दिवस, दिवाळी, गणपती. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंग उधळणारी मिरवणूक) निघते, तेव्हा अख्खं शहर एका वेगळ्याच उत्साहात असतं. त्या दिवशी भरलेली ‘सगळं छान होतं’ ही उत्तरं तेराव्यानंतरच्या उत्तरांइतकीच जपून घ्यावी लागतात. कडक उपासाच्या दिवशी किंवा रात्रपाळी संपवून आलेल्याला बसवू नका.

सगळं टाळता येत नाही, म्हणून दोन प्रश्न ठरवून विचारा आणि उत्तर शब्दशः लिहा: ‘काल रात्री झोप कशी झाली?’ आणि ‘गेल्या सात दिवसांत घरात काही विशेष घडलं का, चांगलं किंवा वाईट?’

जागेची अट एकच, एकांत. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या असतील तर मुलाखत पुढे ढकला. फोनवर घेत असाल तर स्पीकर बंद आहे ना, हे पहिल्या वाक्यात विचारा.

टप्पा ४: संमती, आणि काही निघालं तर काय, हे आधी ठरवा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून नैतिकता समितीची मंजुरी घ्या. संमतीपत्रात ‘बालपणाविषयी काही प्रश्न’ असं गोलमोल लिहू नका. मारहाण, आबाळ आणि लैंगिक त्रास यांबद्दल प्रश्न आहेत आणि कुठलाही प्रश्न सोडता येतो, असं स्पष्ट लिहा.

पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं तर ते कळवणं बंधनकारक आहे. समोरची व्यक्ती आता चाळीस वर्षांची असली तरी तिने ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरात आज लहान मूल असू शकतं. अशा वेळी तुम्ही काय कराल, हे समिती आणि वकील यांच्याशी आधीच ठरवा आणि संमतीपत्रात सांगा. ऐन मुलाखतीत ठरवायला गेलात तर समोरच्या माणसाला फसवल्यासारखं होतं.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापील चिठ्ठीवर तयार ठेवा. शहरातल्या किमान एका मानसोपचारतज्ज्ञाशी आधी बोलून ठेवा, म्हणजे गरज पडली तर त्याच दिवशी पाठवता येईल.

टप्पा ५: मूड मोजा, आणि दोन मूड वेगळे ठेवा

इथे जवळपास सगळेच घसरतात. ‘मूड’ म्हणून नैराश्याची प्रश्नावली देतात. त्यातली नेहमीची, पीएचक्यू-९, ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण ० ते २७. ती या क्षणाचा मूड सांगत नाही. महिनाभर खचलेली बाई आज नातवाला भेटून आली असेल तर पीएचक्यू-९ वर १६ येतील आणि या क्षणी ती हसत असेल. तुम्हाला दोन्ही हवेत.

क्षणाच्या मूडसाठी १० सेंटिमीटरची एक आडवी रेघ पुरते. डाव्या टोकाला ‘अगदी वाईट’, उजव्या टोकाला ‘अगदी छान’. ‘आत्ता या घडीला मन कसं आहे, तिथे खूण करा.’ पट्टीने मिलिमीटर मोजा, ० ते १०० मध्ये आकडा मिळतो. छपाईत रेघ आखडते, म्हणून झेरॉक्स काढल्यावर रेघ पुन्हा मोजून बघा.

आता क्रम. नैराश्याची प्रश्नावली बालपणाच्या प्रश्नांच्या आधी दिली तर नऊ प्रश्न दुःख, थकवा आणि मरणाच्या विचारांबद्दल विचारून तुम्ही स्वतःच मूड खाली नेता. नंतर दिली तर बालपणाच्या प्रश्नांनी ढवळलेलं मन दोन आठवड्यांबद्दल उत्तर देतं. मी सुचवते ती रचना अशी:

१. पीएचक्यू-९ दोन-तीन दिवस आधी, वेगळ्या भेटीत. संमतीही तेव्हाच.
२. मुख्य भेटीत सुरुवातीला रेघ.
३. मग आयुष्याचा तक्ता (पुढचा टप्पा).
४. मग बालपणाची प्रश्नावली.
५. मग पुन्हा रेघ.
६. शेवटी दहा मिनिटं साध्या गप्पा, चहा.

दोन भेटी शक्य नसतील तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना एक क्रम आणि अर्ध्यांना दुसरा द्या, आणि कोणाला कोणता दिला ते नोंदवा. म्हणजे क्रमाचा परिणाम किती, हे तुम्हाला तुमच्याच आकड्यांतून दिसेल.

सावधान: पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्याव्यतिरिक्त काहीही असेल तर भेट संपण्याआधी त्याबद्दल बोला. घरी जाऊन गुण मोजताना ते पाहणं हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

टप्पा ६: आठवणीला खुंटी द्या

‘लहानपणी’ म्हटलं की उदास मन संपूर्ण बालपणावर एकच रंग फासतं. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांमध्ये हे पाहिलं. एखादा नेमका प्रसंग विचारला तरी ते ‘नेहमी असंच व्हायचं’ अशा ढोबळ आठवणी सांगत. पुढे नैराश्यातही हेच आढळलं. ‘नेहमीच’ आणि ‘कधीच नाही’ ही उत्तरं भराभर आली की सावध व्हा.

त्यासाठी प्रश्नावलीआधी एक साधा तक्ता भरा. आडव्या ओळीत वयं: ५, ८, ११, १४, १७. उभ्या रकान्यांत: कुठल्या घरात राहत होता, कोणत्या शाळेत, घरात कोण कोण होतं, घराचं उत्पन्न कशावर चालायचं. इंदूरमध्ये चांगल्या खुंट्या मिळतात. ‘१९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद झाली तेव्हा तुम्ही कितवीत होता?’ वडील गिरणीत असलेल्या माणसाला या एका प्रश्नाने घर, वय, पगार बंद झाल्यावरचं वातावरण, सगळं जागेवर बसतं. इतरांसाठी १९८४ साल, बहिणीचं लग्न, वाड्यातून फ्लॅटमध्ये गेलेलं वर्ष.

तक्त्यात वाईट काही विचारायचं नाही. तो कोरडा ठेवा. त्याचं काम एवढंच की पुढच्या प्रश्नाचं उत्तर आजच्या मनातून न येता त्या घरातून यावं.

सावधान: खुंटी देणं वेगळं आणि ढकलणं वेगळं. ‘नीट आठवा, काहीतरी नक्की झालं असेल’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. लॉफ्टस आणि पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रयोगात नातेवाइकांच्या नावावर एक खोटा प्रसंग (लहानपणी मॉलमध्ये हरवलात) सांगितल्यावर २४ पैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवला’. तसंच ‘तुमच्या चिंतेचं कारण बालपणातच आहे’ असं आधी सांगून मग प्रश्नावली देणंही चूक. समुपदेशक हे नकळत करतात, कारण मनात तो धागा आधीच जुळलेला असतो.

टप्पा ७: विचारणं

वाचून दाखवा किंवा वाचायला द्या, पण सगळ्यांना एकच पद्धत. चेहरा शांत ठेवा. ‘अरे देवा’, ‘बापरे’ आणि ‘त्या काळी सगळ्यांनाच मार बसायचा हो’ ही तिन्ही वाक्यं उत्तर बदलतात, तिसरं सगळ्यात जास्त. लैंगिक त्रासाची विधानं स्वतः भरू द्या आणि तुम्ही खिडकीकडे बघा.

रडू आलं तर थांबा, पाणी द्या, ‘पुढे जायचं की आज इथेच थांबायचं?’ एवढंच विचारा. थांबल्यास कुठल्या विधानावर थांबलात ते लिहा. उरलेली विधानं दुसऱ्या दिवशी घेतलीत तर ती दोन वेगळ्या मूडमधली उत्तरं आहेत, हे नोंदीत दिसलं पाहिजे.

दुसरी रेघ पहिलीपेक्षा २० मिलिमीटरहून जास्त खाली गेली असेल तर मी व्यक्तीला तशी सोडत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोन करते. २० हा आकडा माझ्या सरावातून ठरलेला आहे. तुम्ही तुमचा ठरवा, पण आधी ठरवा.

टप्पा ८: दुसरी फेरी

एका भेटीच्या आकड्यांवरून मूडचा परिणाम कळूच शकत नाही. नैराश्याचे गुण आणि छळाचे गुण दोन्ही जास्त असतील तर तीन शक्यता उरतात: छळामुळे नैराश्य आलं, नैराश्यामुळे छळ जास्त आठवला, किंवा दोन्ही थोडं थोडं. यातली कुठली, हे एका भेटीतून सांगणारा प्रबंध मी मान्य करत नाही.

त्याच व्यक्तीला सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच भाषेत, त्याच क्रमाने, शक्यतो त्याच माणसाने पुन्हा विचारा. दोन्ही वेळचे मूडही मोजा. मग पाहा: मूड जेवढा हलला, त्या प्रमाणात उत्तर हललं का?

उपचार घेणाऱ्यांवर असा अभ्यास झाला आहे. पायव्हियो यांनी २००१ मध्ये उपचाराआधी आणि उपचारानंतर सीटीक्यू भरून घेतली. त्रास कमी झाला तरी बालपणाबद्दलची उत्तरं बऱ्याच अंशी स्थिर राहिली.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते मी धरलेले आहेत. एका काकूंची पहिली फेरी: रेघ २८, पीएचक्यू-९ वर १६, शारीरिक छळ १२, भावनिक आबाळ १८. दुसरी फेरी: रेघ ६६, पीएचक्यू-९ वर ७, शारीरिक छळ १२, भावनिक आबाळ १४. विद्यार्थिनी लगेच लिहिते, ‘मूड सुधारल्यावर आबाळीचे गुण ४ ने घटले.’

थांबा. मोजमापाची स्वतःची हलचल किती, ते आधी काढा. समजा तुमच्या नमुन्यात या विभागाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ४ आहे आणि पुनर्चाचणी विश्वसनीयता (त्याच माणसांना पुन्हा विचारल्यावर गुण किती जुळतात त्याचं माप) ०.८४. १ मधून ०.८४ वजा करा, ०.१६. त्याचं वर्गमूळ ०.४. गुणिले ४, म्हणजे १.६. दोन फेऱ्यांतल्या फरकासाठी त्याला १.४१ ने गुणा, साधारण २.२६. मग १.९६ ने गुणा, ४.४. म्हणजे एका व्यक्तीचा फरक ४.४ पेक्षा जास्त असल्याशिवाय तो खरा बदल म्हणता येत नाही. काकूंचा फरक ४ आहे, मोजपट्टीच्या थरथरीतच बसतो. मूड एवढा वर गेला आणि शारीरिक छळाचा आकडा तसूभरही हलला नाही, ही या फाइलमधली बोलकी गोष्ट आहे आणि विद्यार्थिनीच्या निष्कर्षात तिचा उल्लेखच नव्हता.

अख्ख्या नमुन्यासाठी फरकांचा फरकांशी संबंध काढा: रेघेतला बदल एका बाजूला, गुणांतला बदल दुसऱ्या बाजूला. ‘घ’ आणि ‘नि’ विधानांसाठी वेगवेगळा. निवाड्याची विधानं हलली आणि घटनेची जागेवर राहिली, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सावधान: ‘नैराश्य नियंत्रित केल्यावर’ (म्हणजे नैराश्याचा वाटा आकड्यांतून वजा केल्यावर) असा एक स्तंभ घालून संबंध नाहीसा झाला, म्हणून छळाचा परिणामच नव्हता असं लिहू नका. नैराश्य हे छळाचंच फळ असेल तर ते वजा करून तुम्ही परिणामच वजा केलात. गुरूंनी सांगितलं म्हणून हा स्तंभ घातला जातो. घालायचाच असेल तर दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापा आणि का, ते लिहा.

टप्पा ९: नोंद लिहिणं

समुपदेशनाच्या फाइलमध्ये ‘कथन अविश्वसनीय’ किंवा ‘मूडमुळे अतिशयोक्ती’ असे शब्द घालू नका. ती फाइल उद्या कुटुंबीयांच्या वादात किंवा न्यायालयात पोचू शकते. असं लिहा: ‘दिनांक अमुक, मराठीत, एकांतात. रेघ ३१. पीएचक्यू-९ तीन दिवस आधी १५. आदल्या रात्री झोप चार तास. उत्तरं पुढीलप्रमाणे.’ वाचणारा स्वतः तोलेल.

प्रबंधाच्या मर्यादांच्या प्रकरणात ‘उत्तरं स्वकथित आहेत’ हे सरधोपट वाक्य पुरत नाही. मूड कोणत्या दिशेने उत्तर हलवू शकतो, तुम्ही तो कसा मोजला आणि तुमच्या आकड्यांत किती दिसला, हे तिन्ही लिहा. आणि न सांगितलेल्यांबद्दल एक परिच्छेद. सगळं झाकणाऱ्या त्या ३ विधानांवर किती जणांचे गुण चढले, तो आकडा तिथेच द्या.

शेवटची एक बाब, जी हमखास घडते. दोन-तीन दिवसांनी फोन येतो: ‘ताई, परवा मी आईबद्दल फार बोलले. ते खोडून टाका. ती तशी नव्हती हो.’ कधी उलटंही येतं: ‘परवा सांगितलं नाही, पण एक गोष्ट राहिली.’ माहिती काढून घेण्याचा हक्क त्यांचा आहे, म्हणून आधी विचारा: ‘सगळं काढून टाकू, की आजचं म्हणणं त्याच्या खाली तारखेसकट लिहू?’ काढा म्हणाल्या तर काढा. लिहा म्हणाल्या तर जुनी ओळ खोडू नका, तिच्या खाली नवी तारीख घाला, फोनवर रेघ दाखवता येत नाही म्हणून ‘शून्य ते शंभरमध्ये आत्ता मन कुठे आहे?’ असं विचारा, आणि आकड्यापुढे त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा.